कुदळी घरीच ठेवा

तुमच्या डिझाइन प्रोजेक्टची पोस्ट वाचली आणि २०१९ ची मीच समोर उभी राहिले. पुण्यात मुठा नदीच्या काठावर बाक, माहितीफलक, स्थानिकांना घेऊन स्वच्छता, सगळं चार महिन्यांत, आणि परवानगी कुठून घ्यायची? अगदी हेच घेऊन आम्ही तिघी राजाराम पुलाच्या वरच्या अंगाला उतरलो होतो. नकाशे, मुलाखती वगैरे तुमचे गाईड सांगतीलच.

आमची घोडचूक म्हणजे ती 'स्वच्छता'. फेब्रुवारीतला रविवार, वीसेक पोरं. प्लास्टिक उचललं ते बरंच केलं. पण त्याच झपाट्यात नाल्याच्या तोंडचं पाणकणीस आणि काठावरचे लव्हाळेही खणून काढले, कारण फोटोत ते 'रान माजलंय' असं दिसायचं. महापूर आणि लव्हाळ्याची गोष्ट शाळेपासून पाठ, आणि आम्ही उपटले ते लव्हाळेच! म्हशींसाठी गवत न्यायला येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, मुळासकट नका काढू, माती त्यानंच धरलीये. मी पण वरूनच कापते." आम्ही माना डोलावल्या, वहीत 'मुलाखत क्र. ७' लिहिलं आणि कुदळी चालूच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खडकवासला धरणातून ४० हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला. ओसरल्यावर गेलो तर बाक नव्हतेच, खालचा दोन हात काठही कापून गेलेला. शेजारी आमच्या तावडीतून सुटलेले लव्हाळे गाळ अंगावर घेऊन नुसते आडवे पडले होते. गणपतीपर्यंत पुन्हा हिरवे.

परवानगीचं म्हणाल तर एका कार्यालयाने (नाव घेत नाही) पूररेषेच्या नकाशासाठी पाच खेपा घालायला लावल्या. साहेब साइटवर, मग 'हे आमच्याकडे नाही'. शेवटी तिथल्याच एकाच्या तोंडी 'ठेवा हो, कोण विचारतंय' वर बाक बसवले. नकाशा नंतर मिळाला, तर बाक निळ्या रेषेच्या आत! निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुम्ही लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर आवकचा शिक्का घ्याच, नाहीतर पुढच्या खेपेला अर्जच सापडत नाही.

मी जलतज्ज्ञ नाही, हल्ली खोकी डिझाइन करते, तेव्हा जाणकारांनी चुका काढाव्यात. पण माझं मत विचाराल तर बाक नकोच. काठावर रोज कोण येतं, कुठलं गवत कधी कापतं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलेलं त्यांनी पाहिलंय, हे वर्षाच्या कॅलेंडरवर मांडा. प्रोजेक्ट तपासणारी ज्युरी नाक मुरडेल, मुरडू दे.

हो, आणि गमबूट घाला. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असते.

तुमच्या मोहिमेची तारीख ठरली का? आधी काठाचे फोटो टाका, काय उपटायचं नाही ते सांगते.