नोट्स आणि कामांच्या नोंदींसाठी नोशन, ऑब्सिडियन, एव्हरनोट की गुगल कीप? आपल्या सवयीला कोणतं जमेल हे कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मोटार विम्याचे सर्व्हे करता, म्हणजे क्लेम आला की गाडीच्या नुकसानीची पाहणी. अर्धा दिवस गॅरेजांत फिरण्यात जातो, अर्धा रिपोर्ट लिहिण्यात. दोन-तीन ॲप वापरून पाहिली, थोड्याच दिवसांत ती सुटली आणि आता सगळं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवता. हे शेवटचं तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगितलंय, पण मला तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच दिसतं.

तो स्वतःशी केलेला चॅट उघडा आणि गेल्या महिन्याभराचं सगळं वाचून काढा. प्रत्येक नोंदीपाशी थांबून आठवा: हे टाकलं तेव्हा मी कुठे होतो, आणि नंतर हे लागलं तेव्हा काय आठवून शोधलं? गाडीचा नंबर? गॅरेजवाल्याचं नाव? की फोटो डोळ्यांसमोर होता म्हणून नुसतंच वर सरकवत गेलो? ॲप निवडताना बहुतेक जण लिहिण्याची सोय बघतात आणि अडचण येते ती शोधताना. म्हणून मी निवड नेहमी शोधण्याच्या बाजूने करायला सांगतो.

मी नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांना सल्ला देतो. दिंडोरी, निफाडकडे बागेत उभा असताना मला ठरावीकच गोष्टी लागतात: या प्लॉटची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) कोणत्या तारखेला झाली, आज छाटणीनंतरचा कितवा दिवस, मागच्या खेपेला पानावर काय दिसलं होतं, कोणती फवारणी सांगितली होती. म्हणजे माझं सगळं शोधणं प्लॉटवरून चालतं. त्यामुळे एका प्लॉटची एकच नोट, आणि ताजी नोंद सगळ्यात वर. बागेत फोनवर कीप, कारण ते लगेच उघडतं, फोटो त्याच नोटमध्ये बसतो, आणि नेटवर्क नसलं तरी लिहिलेलं फोनमध्ये राहून नंतर आपोआप चढतं. संध्याकाळी घरी लॅपटॉपवर ऑब्सिडियनमध्ये त्या प्लॉटच्या फाइलमध्ये नीट लिहून काढतो. हे दोनदा लिहिणं काहींना वेळ घालवणं वाटेल. मला ते हवंच असतं, कारण दिवसभराच्या बागा पुन्हा डोळ्यांखालून जातात आणि उद्या कुठे आधी जायचं ते तिथेच ठरतं.

पण माझं काम आणि तुमचं काम यात एक मोठा फरक आहे. माझी नोंद साचत जाते; यंदाच्या भुरीचा (द्राक्षावरचा एक रोग) विचार करताना तीन हंगामांपूर्वीचं पानही लागतं. तुमचा क्लेम रिपोर्ट गेला की संपतो. ऑब्सिडियनसारख्या ॲपची खरी ताकद नोट नोटेला जोडण्यात आहे. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या अशाच एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या, आणि आजच्या बऱ्याच ॲपना स्फूर्ती त्या पद्धतीतून मिळाली. वर्षानुवर्षं एकाच विषयावर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला ती पद्धत सोन्यासारखी आहे. संपणाऱ्या कामांना तिचा फारसा उपयोग नाही. तुम्हाला टप्पे दिसायला हवेत: सर्व्हे झाला, एस्टिमेट आलं, फेरतपासणी बाकी, रिपोर्ट गेला. त्यासाठी तक्ता लागतो, आणि तक्त्यात नोशन खरोखर चांगलं आहे. मात्र त्यात ऑफलाइन कामाची सोय २०२५ मध्ये आली आणि लागणारं पान आधीच फोनवर उतरवून ठेवलेलं असावं लागतं. गॅरेजच्या पत्र्याखाली रेंज गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

आता मराठीचा मुद्दा. ॲपच्या तुलनांमध्ये याबद्दल कुणी बोलत नाही आणि आपल्याला सगळ्यात जास्त अडवतं तेच. तुम्ही म्हणता तुमच्या नोंदी मराठी-इंग्रजी मिसळून असतात. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं. मी ‘केवडा’ (हाही द्राक्षावरचा रोग) असं शोधलं तर ‘केवड्याचे डाग’ ही नोंद सापडत नाही, कारण त्यात ‘केवडा’ ही अक्षरं सलग नाहीतच. मजकुराचा तुकडाही जुळवून पाहणारं ॲप असेल तर ‘केवड’ एवढंच टाकायचं, दोन्ही रूपं येतात. तसंच ‘पाणी’ऐवजी ‘पाण’. पण काही ॲप शब्द सुरुवातीपासून किंवा पूर्णच जुळवतात, तिथे ही युक्ती दर वेळी चालत नाही.

याहून छुपी अडचण ‘शेतकऱ्यांना’मधल्या ऱ्याची आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या सांकेतिक क्रमांकांनी साठवतो त्यात, दोन प्रकारे टाइप होऊ शकतो, दिसतो मात्र एकसारखाच. फोनच्या कीबोर्डने एक प्रकार टाकला आणि लॅपटॉपच्या कीबोर्डने दुसरा, की समोर दिसणारा शब्द शोधून मिळत नाही. ‘ॲ’चंही तेच. आकड्यांचंही तेच: एकदा मराठी आकडे, एकदा इंग्रजी, की ते संगणकाच्या लेखी वेगळे. तुम्ही गाडीच्या नंबरावरून शोधत असाल तर हे फार महत्त्वाचं. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत नंबरातले शेवटचे चार आकडे, सुटे, नेहमी एकाच लिपीत. एमएच १५ पुढे स्पेस दिली की नाही, मधे डॅश टाकला की नाही, या भानगडीतून तुम्ही तेवढ्याने सुटता.

म्हणून कुठल्याही ॲपचे पैसे भरण्याआधी त्यात तुमच्या जुन्या चॅटमधल्या पाच-सात खऱ्या नोंदी टाका. काही फोनवरून, काही लॅपटॉपवरून, काही बोलून. मग नेट बंद करून त्या शोधा. रात्री व्हिडिओ बघून जे कळत नाही ते यात अर्ध्या तासात कळतं.

दुसरं बघायचं ते बाहेर पडायचं दार. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या यादीचं ॲप फार लोकांचं आवडतं होतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोट २०२३ च्या सुरुवातीला बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी मोफत वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एक वही एवढीच मर्यादा आली. कंपन्यांचे आपले हिशेब असतात, पण नोंदी तुमच्या आहेत. ऑब्सिडियनच्या फाइल मुळातच तुमच्या संगणकावर साध्या मजकुरात असतात. नोशनमधून मार्कडाउन (साध्या मजकुराची फाइल) आणि सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता) काढता येतं. कीपचं सगळं गुगल टेकआउट या गुगलच्याच सोयीतून उतरवता येतं. एकदा स्वतः उतरवून उघडून बघा. फोटो आले का, तारखा राहिल्या का, मराठी नीट दिसतं का.

तारखेची कामं नोट्समध्ये ठेवू नका. ज्याला दिवस आणि वेळ आहे ते कॅलेंडरमध्ये. निर्यातीच्या बागांत शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं हे पाळावंच लागतं, नाहीतर औषधाचा अंश तपासणीत सापडतो आणि माल अडकतो. अशी तारीख मी कधीच नोटच्या भरवशावर सोडत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: तुमच्याकडे लोकांची आरसी, लायसन्स, आधारचे फोटो येतात. ते तुमच्या खाजगी ॲपमध्ये राहणं बरोबर नाही. विमा कंपनीची जी यंत्रणा असेल तिथे ते चढवा आणि फोनमधून काढा. नोटमध्ये फक्त क्लेम नंबर असू द्या. तरीही काही संवेदनशील लिहावंच लागत असेल तर जॉप्लिन हे नोट्सचं ॲप बघा. ते मोफत आहे आणि त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (नोंद तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येऊ नये अशी कुलपाची सोय) चालू करता येतं, कीपमध्ये ते नाही.

तुमच्या जागी मी असतो तर गॅरेजमध्ये कीप ठेवलं असतं, एका गाडीची एक नोट. आयफोन असेल तर त्यातलं नोट्स ॲपही तेवढंच चांगलं. घरी नोशनमध्ये, किंवा साध्या एक्सेलमध्ये, चालू क्लेमचा एकच तक्ता: चार आकडे, गॅरेज, टप्पा, पुढची तारीख. रिपोर्ट गेला की कीपमधली नोट आर्काइव्ह. तुमच्याकडे महिन्याला किती क्लेम येतात ते लिहिलेलं नाही. फार नसतील तर एक्सेलच पुरेल, नोशन शिकण्यात वेळ घालवू नका.