आई आशा सेविकेचं काम सोडतेय, घरच्या घरी तिचा सत्कार कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की आई पंधरा वर्षांनी काम सोडतेय, शाल-श्रीफळ जुनाट वाटतं, काहीतरी वेगळं सुचवा. सुचवते, पण आधी एक सांगा. त्या दिवशी चहा कोण करणार आहे?

माझी आईपण आशा. तासगावकडचं गाव आमचं. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांना पुरस्कार जाहीर केला, ती बातमी टीव्हीवर बघून काकांना एकदम आठवलं की आपल्याही घरात एक आशा आहे. आठवड्याभरात सत्कार, आमच्याच अंगणात. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, धरून पंचवीसेक माणसं. पंचवीस माणसांचे पोहे कोणी केले? आईनं. नाव पुकारलं तेव्हा ती गॅसपाशी होती. पदराला हात पुसत आली, हार घालून घेतला, काढून खुर्चीवर ठेवला आणि परत आत, कारण दूध उतू जात होतं. माइक काकांकडे. म्हणाले, "आमच्या घराण्यानं वहिनींना समाजसेवेसाठी मोकळं सोडलं."

मोकळं सोडलं म्हणे! बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाच्या सहा भेटी असतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. वजनकाटा, थर्मामीटर पिशवीत टाकून आई निघाली की हेच काका ओट्यावरून ऐकवायचे, "गावची पोरं झाली बघून, आता घरची जनावरं कोण बघणार?" म्हणून ती धार काढून, भाकऱ्या थापूनच बाहेर पडायची. सहा भेटींचे अडीचशे रुपये. त्याला पगार म्हणायचं नाही, मोबदला म्हणायचं, कागदावर ती 'स्वयंसेविका' ना. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता गल्लीत सगळ्यात जोरात थाळी वाजवली ती काकांनी. पुढच्या महिन्यात आई घरोघर कोरोनाचा सर्व्हे करून यायला लागली, तर तिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत आणि ताट उंबऱ्याबाहेर. अडीच महिने.

तेव्हा मी गप्प बसले. सत्काराच्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर हे बोलून टाकलं. काकांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला, आणि आई माझ्यावरच चिडली, "चार माणसांत कशाला?" अजूनही म्हणते. मला अजूनही वाटतं, चार माणसांतच बोलायला हवं होतं. थाळी चार माणसांत वाजवली होती.

तर तुमचं उत्तर. पाहुण्यांची यादी आईला करू द्या. माझ्या आईला विचारलं असतं तर चेअरमन आलेच नसते, तिच्या बरोबरच्या आशा, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई आणि आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आल्या असत्या. भाषण घरच्या पुरुषांनी करू नये. नाश्ता बाहेरून मागवा. तिचा कुठल्या महिन्याचा मोबदला अडकलाय का ते पासबुक घेऊन बसून बघा, ऑफिसात खेपा तुम्ही घाला. ती मिटिंगला जायची तेव्हा घरात काय काय बोललं गेलं, हे ज्यानं बोललं त्यानं आठवावं. तुमच्या घरात तसं कोणी नसेल तर उत्तमच, मी आमच्यावरून सांगतेय.

काकांबद्दल एकच बाजू लिहिली हे मलाही कळतंय. आजी तेव्हा ब्याऐंशीची होती, घाबरणं खोटं नव्हतं. आणि वडील आजारी असताना आमच्या वाट्याची द्राक्षबाग दोन हंगाम त्यांनीच सांभाळली, एक रुपया न मागता. तरीही ते 'मोकळं सोडलं'चं वाक्य मी विसरणार नाही.

शालीचं म्हणाल तर आईला आजवर सात मिळाल्या. सगळ्या तिनं नवजात बाळांना गुंडाळायला वाटून टाकल्या. वरून म्हणायची, असल्या पातळ शालीच्या दोन घड्या कराव्या लागतात. तेव्हा शाल द्यायची तर खुशाल द्या, जाड बघून घ्या.