वाचकांच्या शंका : अक्षरजुळणीची शेल स्क्रिप्ट

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत पुस्तक, स्मरणिका किंवा अहवाल जुळवताना एकाच आज्ञेत पीडीएफ हाती यावी म्हणून लिहिलेल्या शेल स्क्रिप्टांबद्दल, म्हणजे शेलने (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) ओळीने चालवायच्या आज्ञांच्या फाइलींबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यांतले काही इथे घेतले आहेत. स्तंभात आज्ञांची नावे देवनागरीत छापतो. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट प्रत्येक प्रकरणाआधी एको (मजकूर छापणारी आज्ञा) वापरून \चॅप्टर ही ओळ लिहिते. माझ्या फेडोरा लिनक्सवर पुस्तक बरोबर येते. सहकाऱ्याच्या उबुंटू लिनक्सवर मात्र प्रकरणांची शीर्षके गायब होतात, आणि \सेक्शन जागच्या जागी राहतात. त्रुटीचा संदेश एकही नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : लाटेकचा यात काही दोष नाही, दोष एकोचा आहे. पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहिलेली स्क्रिप्ट फेडोरावर बॅश नावाचा शेल चालवतो, उबुंटूवर डॅश नावाचा. उबुंटूने २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीत, हा बदल केला. बॅशचा एको बॅकस्लॅश आहे तसा छापतो. डॅशचा एको बॅकस्लॅश आणि त्यापुढचे अक्षर मिळून एक खूण समजतो. बॅकस्लॅश-सी या खुणेचा अर्थ ‘इथून पुढे काहीही छापू नको’ असा आहे. त्यामुळे \चॅप्टरची अख्खी ओळ, शेवटच्या नव्या ओळीसकट, नाहीशी होते. बॅकस्लॅश-एस ही खूणच नाही, म्हणून \सेक्शन बचावला.

बाकीच्या आज्ञांचे काय होते तेही पाहून ठेवा. \न्यूपेजच्या जागी नवी ओळ आणि ‘ईडब्ल्यूपेज’ असे शेपूट येते. \टेक्स्टबीएफचा टॅब होतो, \फुटनोटचा फॉर्मफीड. \बिगिनचे बॅकस्पेस झाले तर लाटेक निदान अवैध अक्षराची तक्रार तरी करते. \चॅप्टर मात्र मुकाट्याने जातो आणि पुस्तक छापून आल्यावर कळते, म्हणून तोच सगळ्यांत घातक. अनेकजण बॅकस्लॅश दुप्पट करतात. दुहेरी अवतरणात त्याचा उपयोग नाही, कारण शेल दोनाचा एक करतो आणि उरलेला एक पुन्हा एकोच्या तावडीत सापडतो.

उपाय एकच. स्क्रिप्टमधून एको काढून टाका आणि प्रिंटएफ वापरा. आधी एकेरी अवतरणात ‘%एस\एन’ हा साचा, मग वेगळा शब्द म्हणून मजकूर. मजकूर कधीही साच्याच्या जागी देऊ नका. लाटेकमध्ये टिप्पणीसाठी वापरतात ते % चिन्ह प्रिंटएफला सूचना वाटते.

मोठा मजकूर, उदाहरणार्थ पूर्ण प्रस्तावनाभाग, हिअरडॉकमधून (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या अनेक ओळींच्या मजकुरातून) लिहायचा असेल तर << नंतरचा खुणेचा शब्द अवतरणात ठेवा. अवतरण नसले तर शेल $ दिसेल तिथे चल (व्हेरिएबल) शोधतो, म्हणजे गणिताची सूत्रे गेलीच. शिवाय दोन बॅकस्लॅशांचा एक करतो. कोष्टकातली ओळ दोन बॅकस्लॅशांनी संपते. त्यांतला एक गेला की दोन ओळी चिकटतात आणि लाटेक जादा स्तंभाची तक्रार करते. मग माणूस कोष्टकात चूक शोधत बसतो, जिथे ती नसतेच.

फाइल ओळीओळीने वाचतानाही हेच दुखणे. नुसते रीड लिहिले तर ते बॅकस्लॅश गिळते. आयएफएस (शब्द तोडणारी चिन्हे ठेवणारा चल) रिकामा ठेवून रीड -आर लिहा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही टिकते.

प्रश्न : फाइलमध्ये जागच्या जागी बदल करणारी सेड -आय ही आज्ञा लिनक्सवर चालते, मॅकवर ‘इनव्हॅलिड कमांड कोड’ म्हणते. — एक वाचक, पुणे

उत्तर : मॅकवरचा सेड बीएसडी या युनिक्स घराण्यातला. त्याला -आय नंतर राखीव प्रतीचे शेपूट हवे असते. ते दिले नाही तर तो तुमची बदलाची आज्ञाच शेपूट समजतो आणि फाइलचे नाव आज्ञा म्हणून वाचायला जातो. पोझिक्स या युनिक्सच्या सामायिक मानकात -आय नाहीच, तेव्हा दोन्हीकडे चालणारी रीत जुनीच : निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग && लावून एमव्हीने मूळ नाव द्या. त्याच फाइलवर > करू नका. सेड वाचायला लागण्याआधीच शेल ती रिकामी करतो.

मॅकबद्दल आणखी एक. तिथला बॅश अजून ३.२ आहे, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्याचे शेल झेडशेल आहे. बॅशच्या नव्या सोयींवर भिस्त ठेवण्यापेक्षा साध्या एसएचमध्येच लिहिलेले बरे. दुहेरी चौकटी कंस, ॲरे आणि सोर्स टाळा. सोर्सच्या जागी नुसता टिंब. शेलचेक हे साधन -एस एसएच देऊन चालवले तर यांतले बहुतेक सगळे पकडून देते.

प्रश्न : शब्दसूचीसाठी सॉर्ट वापरतो. ‘कळस’ हा शब्द ‘कवच’च्या आधी येतो. मराठी लोकॅल (भाषेनुसार क्रम ठरवणारी मांडणी) प्रत्येक यंत्रावर नसते. स्क्रिप्टमध्येच काही करता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : करता येईल, आणि लोकॅलवर अवलंबून न राहणेच चांगले. एकाच सूचीचा क्रम दोन यंत्रांवर वेगळा आला की मुद्रितशोधकाचे डोके फिरते. सॉर्टच्या आधी एलसी_ऑल=सी लिहा. आता क्रम निव्वळ युनिकोड क्रमांकाचा होतो आणि सगळीकडे तोच येतो. त्यात ल ०९३२ वर, ळ ०९३३ वर आणि ह ०९३९ वर बसतो. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, म्हणून तो तिथे नेऊन बसवायचा.

पहिल्यांदा सुचते ते असे की क्रमवारीसाठीच्या प्रतीत ळच्या जागी कुठलेसे शेवटचे चिन्ह घालावे. तसे करू नका. काना ०९३ई वर आहे आणि बाकीच्या मात्रा व हलन्त त्याच्यापुढे. ळ त्या सगळ्यांच्या पलीकडे गेला तर ‘कळस’ हा ‘काम’ आणि ‘क्रम’ यांच्याही नंतर येईल. जागा हवी ती ह आणि काना यांच्या मध्ये. तिथे ०९३डी वर अवग्रह ऽ आहे, आणि शब्दसूचीत तो सहसा नसतो. म्हणून ळच्या जागी ऽ.

सूचीत प्रत्येक ओळ शब्द, टॅब, पृष्ठ अशी धरली आहे. ऑक या आज्ञेने पहिल्या रकान्याची प्रत काढून तीत जीसबने (सगळीकडे बदल करणाऱ्या तिच्या सोयीने) ळचा ऽ करा, आणि ती प्रत, टॅब, मूळ ओळ असे छापा. मग सॉर्ट -के १,१ आणि शेवटी कट -एफ २- म्हणजे प्रत गळून पडते. सॉर्टला टॅब देताना $(प्रिंटएफ ‘\टी’) असा द्या. साधा एसएच $ आणि अवतरणाने लिहिलेला टॅब ओळखेलच असे नाही. हे केले की क्रम कलम, कवच, कसर, कहर, कळस, काम असा येतो. क्ष आणि ज्ञ या पद्धतीत क आणि ज यांच्याखाली राहतात. ते शेवटी हवे असतील तर तो निर्णय संपादकाचा. स्क्रिप्टने परस्पर घेऊ नये.

त्याआधी ऱ कडे पाहा. ‘दुसऱ्या’मधला र तीन प्रकारे टंकलेला सापडतो : ०९३१ हे एकच चिन्ह, ०९३० आणि नुक्ता ०९३सी, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडक २००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला एक मिळतो, दोन निसटतात, आणि सूचीत एकच शब्द तीनदा येतो. सगळे आधी ०९३१ वर आणा. क्रमाच्या प्रतीत त्याचा साधा र करा.

याच कारणासाठी एक सावधगिरी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. ग्नूचा टीआर (अक्षरे बदलणारी आज्ञा) आणि कट -सी बाइट मोजतात; डेबियनसोबत येणारा मॉक (ऑकचाच एक प्रकार) हाही तसाच. टीआरने इंग्रजी अंकांचे देवनागरी करायला गेलात तर पृष्ठक्रमांकांचा चुराडा होतो. सेडची वाय आज्ञा सी लोकॅलमध्ये लांबी जुळत नाही म्हणून थांबते, कारण एका बाजूला १० बाइट असतात आणि दुसरीकडे ३०. दहा अंकांसाठी दहा साधे एस-बदल लिहा. दिसायला गबाळे आहे, पण कुठल्याही लोकॅलमध्ये चालते.

प्रश्न : झीलाटेक (युनिकोड मजकूर जुळवणारा लाटेकचा प्रकार) किती वेळा चालवायचे हे स्क्रिप्टने कसे ठरवावे? आणि पीडीएफमध्ये मधूनच अक्षर गाळलेले असते, तरी निर्गमसंकेत (आज्ञा संपताना मिळणारा यशापयशाचा आकडा) शून्यच येतो. — एक वाचक, नागपूर

उत्तर : लाटेकएमके उपलब्ध असेल तर तेच वापरा, फेऱ्या तेच मोजते. नसेल तर प्रत्येक फेरीआधी ऑक्स फाइलची (संदर्भ आणि पृष्ठक्रमांक साठवणाऱ्या फाइलची) प्रत ठेवा आणि नंतर सीएमपी -एस ने ताडून पाहा. जुळली की थांबा; चार फेऱ्यांतही जुळली नाही तर त्रुटी द्या. एमडी५सम वापरू नका, जुन्या मॅकवर त्याचे नाव वेगळे असते. सीएमपी सगळीकडे सारखेच.

झीलाटेकला -इंटरॅक्शन=नॉनस्टॉपमोड आणि -हॉल्ट-ऑन-एरर ही दोन्ही द्या, नाहीतर रात्री लावलेली स्क्रिप्ट प्रश्नचिन्हापाशी सकाळपर्यंत ताटकळते. निकाल टी या आज्ञेकडे पाइप करू नका. पाइपच्या शेवटच्या आज्ञेचा संकेत मिळतो, झीलाटेकचा नाही. तो सरळ फाइलमध्ये सोडा.

गळलेले अक्षर म्हणजे फाँटमध्ये ते चिन्ह नाही. नोंदफाइलीत ‘मिसिंग कॅरॅक्टर’ अशी ओळ असते, पण जुळणी यशस्वीच मानली जाते. टेक लाइव्ह २०२१ पासून \ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स ही किंमत ३ केली की तीच गोष्ट त्रुटी ठरते. मुळातल्या आज्ञेत ‘कॅरेक्टर्स’चे संक्षिप्त रूप आहे. जुन्या यंत्रांसाठी नोंदफाइलीत ग्रेप करा, पण त्याआधी मॅक्स_प्रिंट_लाइन हा पर्यावरणचल १००० करा. एरवी टेक नोंदीची ओळ ७९ व्या अक्षरावर मोडते, आणि शोधायचा शब्द नेमका दोन ओळींत विभागला गेला तर ग्रेपला दिसत नाही.

सेट -ई (एखादी आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) लावले असेल तर आणखी एक गंमत घडते. काही सापडले नाही की ग्रेप १ परत करतो. म्हणजे सगळे ठीक असताना स्क्रिप्ट मरते! ग्रेप इफच्या अटीत ठेवा.

प्रश्न : प्रकरणे ०१, ०२ अशी आहेत. सात प्रकरणे नीट होतात, आठव्याला गणिताची चूक. शिवाय छापखान्याला १६ पृष्ठांच्या फर्म्यात पुस्तक हवे आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुरुवातीच्या शून्यामुळे शेल तो आकडा अष्टमान पद्धतीचा मानतो, आणि त्या पद्धतीत ८ व ९ हे अंकच नाहीत. दोन अंकी क्रमांकाआधी १ लावून १०० वजा करा : १०८ मधून १०० गेले की ८. फाइलींच्या नावांतले शून्य मात्र काढू नका, त्याच्यामुळेच दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येत नाही.

फर्म्यासाठी पीडीएफची माहिती देणाऱ्या पीडीएफइन्फोच्या निकालातून पृष्ठसंख्या काढा आणि कोरी पृष्ठे अशी मोजा (इथे % म्हणजे भागाकाराची बाकी) : (१६ - पृष्ठे % १६) % १६. पृष्ठे २०३ असतील तर ५ कोरी लागतील. शेवटचा % १६ विसरलात तर बरोबर २०८ पृष्ठांच्या पुस्तकालाही १६ कोरी पृष्ठे जोडली जातात. उत्तर ८ किंवा त्याहून जास्त आले तर स्क्रिप्टने पृष्ठे न जोडता नुसता इशारा द्यावा. अर्धा फर्मा चालेल का ते छापखान्याला विचारायचे. पीडीएफइन्फो यंत्रावर आहे का ते कमांड -व्ही ने सुरुवातीलाच तपासा, विच या आज्ञेने नाही.

प्रश्न : विंडोजवर दुरुस्त केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर ‘फाइल सापडली नाही’ म्हणते. फाइल तर समोर दिसते. — एक वाचक, मडगाव

उत्तर : सापडत नाही ते पहिल्या ओळीतले शेल. विंडोजचा संपादक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न सोडतो, मग लिनक्स ‘एसएच’ आणि त्याला चिकटलेले ते अदृश्य अक्षर अशा नावाचे शेल शोधत बसतो. टीआर -डी ‘\आर’ देऊन नवी फाइल काढा. तरीही चालली नाही तर सुरुवातीचे तीन बाइट ओडी या आज्ञेने पाहा. ईएफ बीबी बीएफ दिसले तर तो बॉम (फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण) आहे. संपादकात ‘बॉमशिवाय यूटीएफ-८’ निवडून पुन्हा जतन करा.