‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिलं’

प्रश्न असा आला आहे: “माझी वहिनी जर्मन आहे. पुस्तकं घेऊन नेटाने मराठी शिकली. धाकट्या भावासाठी स्थळ पाहून आल्यावर ती शेजारच्या काकूंना म्हणाली, ‘आम्ही काल मुलीला पाहायला गेलो होतो.’ काकूंनी काळजीने विचारलं, ‘कुठल्या दवाखान्यात आहे?’ आम्हाला शाळेत शिकवलं होतं की कर्म सजीव असेल तर त्याला द्वितीयेचा प्रत्यय लागतो, निर्जीव असेल तर लागत नाही. मुलगी तर सजीव. मग वहिनीचं चुकलं कुठे?”

वहिनींनी नियम तंतोतंत पाळला आणि तिथेच घात झाला. ‘मुलगी पाहायला गेलो’ आणि ‘मुलीला पाहायला गेलो’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पहिल्यात मुलगी कोण, काय नावाची, हे अजून बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीत आलेलंच नाही. लग्नाच्या व्यवहारात ‘मुलगी’ नावाची एक जागा असते, ती भरायला चाललो आहोत, एवढाच अर्थ. दुसऱ्यात ती कुणीतरी ठरावीक, दोघांनाही माहीत असलेली मुलगी आहे. अशा ओळखीच्या मुलीला मुद्दाम पाहायला जायचं म्हणजे ती आजारी असणार, हा काकूंचा तर्क अगदी रास्त होता.

‘सून आणली’ आणि ‘सुनेला आणलं’ घ्या. पहिल्यात मुलाचं लग्न झालं. दुसऱ्यात सून माहेरी गेली होती, तिला कुणीतरी जाऊन घेऊन आलं. ‘नोकर ठेवला’ म्हणताना तो कोण हे महत्त्वाचं नसतं, पण ‘नोकराला ठेवलं’ म्हटलं की बाकीच्यांना काढून टाकलं की काय, अशी शंका येते. ‘प्लंबर बोलव’ म्हणजे कुणीही चालेल, ‘प्लंबरला बोलव’ म्हणजे नेहमीचा तो. प्राण्यांचंही तसंच. आपण गाय विकतो, कुत्रा पाळतो, झुरळ मारतो आणि ताडोबाला जाऊन वाघ पाहतो. हे सगळे चांगले हिंडते-फिरते जीव, पण एकालाही ‘ला’ लागलेला नाही. तेव्हा शाळेतला सजीव-निर्जीवाचा नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. कर्म निर्जीव असेल तर ‘ला’ सहसा येत नाही, हे खरं. सजीव असेल तर ‘ला’ येईलच, हे खोटं.

मला सगळ्यात बोलका वाटणारा पुरावा लग्नाच्याच बाजारातला आहे. एकच संध्याकाळ, एकच दिवाणखाना, तेच पोहे. मुलाकडची मंडळी निघताना म्हणतात, “मुलगी बघायला चाललोय.” मुलीकडे मात्र आई शेजारणीला बहुधा सांगते, “आज आमच्या मुलीला बघायला येणार आहेत.” प्रसंगात काडीचा फरक नाही आणि मुलगीही तितकीच सजीव आहे. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या जागेचा. आईसाठी ती कुठलीशी उपवर मुलगी नाही, तिची आहे. आणि ही मराठीचीच खोड आहे असं समजू नका. हिंदीत ‘लड़की देखने’ जातात, बंगालीत ‘मेये देखते’, तमिळमध्ये ‘पेण् पार्क्क’. या तिन्ही भाषांत कर्माला लावायचा प्रत्यय आहे आणि तिन्ही भाषा तो इथे गाळतात. तमिळचं तर कूळही वेगळं.

आता हे असं का होतं, यावर येतो, कारण प्रश्नातली खरी गंमत तिथे आहे. भाषाविज्ञानात व्याकरणाकडे पाहण्याचे दोन मोठे पंथ आहेत. अमेरिकी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी 1957 पासून मांडलेला विचार म्हणतो की वाक्यरचना ही स्वतंत्र व्यवस्था आहे. तिचे नियम अर्थावर किंवा वापरावर न टेकता, रूपाच्या अंगानेच मांडता आले पाहिजेत. दुसरा पंथ प्रकार्यवाद्यांचा. त्यांचा पहिला प्रश्न असतो: हे रूप बोलणाऱ्याचं कोणतं काम करतं? या पंथाचं जुनं ठाणं प्राग. तिथे 1926 मध्ये विलेम माथेसियुस यांच्या पुढाकाराने भाषाभ्यासकांचं मंडळ सुरू झालं. वाक्यात ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं काय आणि नव्याने सांगितलेलं काय, यावरून वाक्याची मांडणी ठरते, हा त्यांचा लाडका मुद्दा. पुढे ब्रिटिश भाषावैज्ञानिक मायकल हॅलिडे यांनी आणि अ‍ॅम्स्टरडॅमला सायमन डिक यांनी आपापली स्वतंत्र व्याकरणं याच पायावर उभी केली. त्या दोघांच्या परिभाषेत शिरलो तर आपली मुलगी राहील बाजूलाच, म्हणून ते सोडून देतो.

प्रकार्यवादी माणूस ‘ला’कडे पाहून आधी काय म्हणेल? कर्ता कोण आणि कर्म कोण, हे कळायला हवं म्हणून तो आहे. ‘मुलगा आंबा खातो’ यात गोंधळ होणं शक्य नाही, आंबे मुलांना खात नाहीत. पण ‘वाघ शिकारी मारतो’ म्हटलं की कोण कुणाला मारतो? ‘वाघ शिकाऱ्याला मारतो’ म्हटलं की प्रश्न मिटला. कर्म जितकं कर्त्यासारखं दिसेल, म्हणजे हलणारं, बोलणारं, स्वतः काही करू शकणारं असेल, तितकी त्याला खूण लावायची गरज जास्त. निर्जीवाला ती गरज नाही, म्हणून खूणही नाही.

इतिहासही याला दुजोरा देतो. संस्कृतात ‘रामः’ आणि ‘रामम्’ असा भेद होता आणि कर्म सजीव असो की निर्जीव, द्वितीया लागायचीच. अपभ्रंशापर्यंत, म्हणजे प्राकृतानंतरच्या आणि आजच्या भाषांच्या आधीच्या टप्प्यापर्यंत येताना शब्दांचे शेवट झिजले आणि प्रथमा-द्वितीया एकसारख्या झाल्या. मग जिथे अडलं तिथेच नवी खूण लागली, आणि ती आली चतुर्थीकडून. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ हे द्वितीयेला आणि चतुर्थीलाही तेच का, म्हणून शाळेत आपण वैतागायचो. पण ज्याला काही द्यायचं तो जवळपास नेहमी माणूसच असतो. माणसांना लावायची खूण घरात तयार होती, ती माणूस कर्म झाल्यावरही वापरली गेली. हिंदीचा ‘को’ याच वाटेने गेला. आपला काही संबंध नसताना स्पॅनिशनेही हेच केलं: ‘च्या कडे’ अशा अर्थाचं तिथलं ‘आ’ हे अव्यय आज ओळखीच्या मानवी कर्मापुढे लागतं. ‘कुणीतरी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘एका ठरावीक डॉक्टरांना शोधतोय’ हा भेद स्पॅनिश माणूस त्या एका अक्षरावर करतो.

निर्जीवांना ‘ला’ कधी लागतो तेही बघा. ‘लोक दगड देव मानतात’ हे वाक्य लंगडतं. ‘लोक दगडाला देव मानतात’ म्हटलं की उभं राहतं, आणि ‘देवाला दगड मानतात’ म्हटलं की भांडण लागतं. दोन नामं शेजारी आली, कोण काय झालं हे सांगणं भाग पडलं, आणि मराठीने एरवी दगडाला न दिलेला प्रत्यय लगेच देऊ केला. काम पडलं की रूप हजर, असं इतकं उघडंवाघडं उदाहरण क्वचित मिळतं.

इथवर सगळं छान. पण ही गोंधळ टाळण्याची उपपत्ती एवढ्यावरच सोडली तर ती तोकडी पडते. भूतकाळात आपण ‘वाघाने’ म्हणतो. ‘ने’ लागल्यावर मारणारा कोण हे स्पष्टच आहे, ‘वाघाने शिकारी मारला’ यात कसलाही घोटाळा नाही. तरीही बहुतेक जण ‘वाघाने शिकाऱ्याला मारलं’च म्हणतील. शिवाय ‘प्लंबर बोलव’ आणि ‘प्लंबरला बोलव’ या दोन्हींत कोण कुणाला बोलावतं याबद्दल कुणाला शंका होती? म्हणजे ‘ला’ आणखीही काही काम करतो. हॉपर आणि थॉम्प्सन या दोन भाषावैज्ञानिकांनी 1980 मध्ये मांडलेला विचार इथे जास्त उपयोगी पडतो. क्रियेचा आघात कर्मावर पूर्णपणे, थेट पोचतो का, यात कर्म किती सुटं, किती ‘व्यक्ती’ आहे याला महत्त्व असतं, असं त्यांचं म्हणणं. ‘मुलगी पाहणे’त मुलगी क्रियापदाला चिकटून एक उपक्रम झाली आहे, ‘घर पाहणे’, ‘स्थळ पाहणे’ यांच्या रांगेतली. ‘मुलीला पाहणे’त ती क्रियापदापासून सुटी होऊन समोर उभी राहते. माझं मत विचाराल तर मराठीत ही दोन्ही कामं एकाच ‘ला’वर पडली आहेत, आणि एकाच कारणाने सगळं सुटतं असं सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

याच माळेतला एक मणी ‘मी’चा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘रामाने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू आंबा खाल्लास’. ‘मी’ आणि ‘तू’ कर्ते असताना ‘ने’ला जागाच नाही. उलट तेच कर्म झाले की ‘ला’ टाळता येत नाही: ‘त्याने मला पाहिलं’, ‘तुला पाहिलं’. इथे ‘मुलगी पाहिली’सारखी सवलत अजिबात मिळत नाही. अमेरिकी भाषावैज्ञानिक मायकल सिल्व्हरस्टीन यांनी 1976 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषा पाहून एक उतरंड मांडली: वर मी आणि तू, मग इतर माणसं, मग प्राणी, तळाशी वस्तू. वरचे कर्ते असणं स्वाभाविक, म्हणून त्यांना कर्त्याची खूण नको. ते कर्म होणं मात्र विशेष, म्हणून तिथे खूण हवी. खाली सगळं उलट. दूरच्या भाषांवरून बांधलेल्या या उतरंडीत मराठीची ‘मी-तू’ची तऱ्हा चपखल बसते. जुन्या मराठीत मात्र ‘मियां’, ‘तुवां’ अशी वेगळी कर्त्याची रूपं होती, आणि गावाकडे ‘म्या सांगितलं’ अजून कानावर पडतं. प्रमाण मराठीने ती टाकली. त्यात ध्वनींच्या झिजेचाही हात असणार, सगळं श्रेय उतरंडीला देऊ नये.

व्याकरणातल्या प्रयोगांची बाजू थोडक्यात. ‘मुलगी पाहिली’त क्रियापद मुलीप्रमाणे चालतं, म्हणून कर्मणी. ‘मुलीला पाहिलं’त ते कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं, म्हणून भावे. एकदा ‘ला’ची खूण लागली की क्रियापदाने पुन्हा त्या कर्माकडे बोट दाखवायची गरज नाही, असा याचा प्रकार्यवादी खुलासा करता येईल. पण शेजारची गुजराती तो उधळून लावते. तिथे ‘सीताने’ (म्हणजे आपलं ‘सीतेला’, गुजरातीत ‘ने’ कर्माला लागतो) असा प्रत्यय लागूनही क्रियापद ‘जोई’ (‘पाहिली’) असं स्त्रीलिंगीच राहतं. आणि गुजरातपर्यंत तरी कशाला जायचं, आपल्याच व्याकरणांत ‘तिने मुलीला शाळेत घातली’ हे कर्म-भाव संकराचं, म्हणजे कर्मणी आणि भावे यांच्या मिश्रणाचं, उदाहरण आहे. तिथे दोन्ही खुणा गुण्यागोविंदाने नांदतात.

एका वाक्यात दोन ‘ला’ आले की काय होतं, हाही उपप्रश्न कुणी विचारेल. ‘मी आईला मुलगी दाखवली’ हे सहज. ‘मी आईला मुलीला दाखवलं’ म्हटलं की कुणाला कोण दाखवलं, असं होतं. दोघी उमेदवार असल्या की ‘ला’ जिला दाखवायचं तिला मिळतो आणि कर्माला सोडावा लागतो, मग ती मुलगी कितीही ओळखीची असो. तरी ‘बाळाला डॉक्टरांना दाखवलं का?’ हे आपण सर्रास म्हणतोच. बाळ इतकं जवळचं असतं की त्याचा ‘ला’ काढून घेणं जिवावर येतं, आणि बाळ डॉक्टरांना तपासणार नाही याची खात्री असल्याने दोन ‘ला’ खपून जातात.

वहिनींना सांगायचं ते असं: माणूस ठरावीक असेल, नावाने ओळखीचा असेल, तर ‘ला’ लावा. नुसती भूमिका किंवा प्रकार असेल, तर लावू नका. नावं, सर्वनामं आणि ‘मी-तू’ यांना बिनदिक्कत लावा. वस्तूंना मात्र हात आखडता ठेवा, कारण हल्ली ‘या फाईलला उघडा’, ‘त्या चित्रपटाला पाहिलं’, ‘समस्येला सोडवा’ अशी वाक्यं अनुवादांतून आणि जाहिरातींतून कानावर येतात. हिंदीत वस्तू ठरावीक असेल तर ‘इस किताब को पढ़ो’ सहज चालतं, तिथला उंबरठा खाली आहे. मराठीत पुस्तक कितीही ठरावीक, कितीही आवडतं असलं तरी आपण ‘हे पुस्तक वाच’ असंच म्हणतो. माझ्याकडे मजकूर तपासायला आला तर फाईल, चित्रपट आणि समस्या या तिघांचाही ‘ला’ मी काढून टाकतो.