चिंतेच्या गोळ्या उंदरांवर तपासतात म्हणे. पण उंदराची चिंता कमी झाली हे कळतं कसं?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की आई तीन वर्षं अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी घेते, तर उंदरावरून तिच्याबद्दल काय कळणार? मी एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलं होतं. प्रबंधासाठी एका वनस्पतीच्या अर्काची हीच चाचणी केली होती, त्यामुळे हाताखालून गेलेलं तेवढं सांगते.

आम्ही वापरायचो तो एलिव्हेटेड प्लस मेझ. अधिकच्या चिन्हासारखे चार फाटे, जमिनीपासून हातभर उंचीवर. समोरासमोरच्या दोन फाट्यांना भिंती असतात, उरलेले दोन उघडे. उंदराला मधल्या चौकोनात सोडायचं आणि पाच मिनिटं बघत बसायचं: उघड्या फाट्यावर किती वेळा गेला, किती सेकंद थांबला.

उंदराच्या मनात दोन ओढी असतात. नवी जागा हुंगून बघायचीच असते, पण उघड्यावर, उंचावर, भिंतीच्या आधाराशिवाय जायची भीती वाटते. औषध न दिलेला उंदीर बहुतेक वेळ भिंतीआड काढतो. उघड्या फाट्याच्या तोंडाशी येतो, अंग लांब ताणून मान पुढे काढतो, मागचे पाय मात्र आतच ठेवतो आणि परत फिरतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला उंदीर अर्ध्या तासाने सोडला, तर टोकापर्यंत चालत जातो, काठावरून मान खाली घालून डोकावतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा स्टॉपवॉच दाबायचं राहून गेलं होतं. तोच पिंजरा, तीच जात, आणि इतका फरक!

म्हणजे प्रत्यक्षात मोजलं जातं ते धाडस. त्याला चिंता कमी होणं म्हणायचं कशाच्या आधारावर? 1985 मध्ये लंडनमध्ये शेरॉन पेलो, सँड्रा फाइल आणि सहकाऱ्यांनी रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरावर, हे पडताळलं. माणसाची चिंता कमी करणाऱ्या डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या औषधांनी उघड्यावरचा वावर वाढला. चिंता वाढवणाऱ्या कॅफीन, योहिम्बिन यांनी तो घटला. पण नुसतं उघड्यावरचं मोजून भागत नाही. डोस जास्त झाला की उंदीर पेंगतो आणि कुठेच जात नाही, म्हणून एकूण हालचालही मोजावी लागते.

मला या चाचणीची खरी अडचण वाटते ती अशी, की ती डायझेपामच्या घराण्याला चटकन ओळखते आणि बाकीच्यांना ओळखताना चुकते. बुस्पिरोन हे वेगळ्या घराण्यातलं चिंतेवरचं औषध माणसात उपयोगी पडतं, मेझवर मात्र त्याचा निकाल कधी असा, कधी तसा. दीर्घकाळच्या चिंतेसाठी आज आधी दिली जाणारी एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधं तर गुण यायला आठवडे घेतात, आणि त्यांच्या एकाच डोसने उंदीर उलट जास्त बिचकू शकतो.

माझी स्वतःची चूकही सांगते. प्राणी कमी वापरावेत या हेतूने मी तेच उंदीर दोन दिवसांनी पुन्हा मेझवर सोडले. या वेळी डायझेपामचा काही परिणामच दिसेना! औषध खराब निघालं असं समजून मी दोन दिवस बाटल्या तपासत बसले. नंतर वाचलं, की एकदा मेझ अनुभवलेल्या उंदरावर या औषधांचा परिणाम दुसऱ्या खेपेला जवळजवळ उरत नाही, आणि हे तोवर बऱ्याच जणांनी लिहून ठेवलेलं होतं. ती अख्खी तुकडी वाया गेली. प्रोटोकॉलनुसार शेवटी त्या उंदरांना मारावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का हे लिहून द्यावं लागतं. मी ते लिहून दिलं होतं, तरी वाचन कमी पडलं. आजही ते मनाला लागतं.

हाताळण्यानेही निकाल बदलतो. 2010 मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त घाबरट वागतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले कमी. त्याआधी 1999 मध्ये जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांत त्याच जातीचे उंदीर आणि तशीच उपकरणं वापरली, तरी काही चाचण्यांचे निकाल जागेगणिक वेगळे आले. मेझ त्यांतलीच एक. मी पुढच्या तुकडीला शेपटीला हात लावला नाही, नळीच वापरली. उंदीर उचलताना अंग चोरेनासे झाले, हे मी स्वतः पाहिलंय.

आता तुमच्या आईंबद्दल. अल्प्राझोलाम डायझेपामच्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे ते भीती उतरवतं एवढं मेझवर दिसतं. पण पाच मिनिटांच्या चाचणीत तीन वर्षांची सवय दिसत नाही. शरीर गोळीला सरावतं, आणि ती एकदम थांबवली तर झोप उडणं, थरथर, आधीपेक्षा वाढलेली चिंता, क्वचित आकडीचे झटकेसुद्धा येऊ शकतात. हे उत्तर वाचून गोळी परस्पर बंद करू नका. कमी करायची असेल तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, कधी काही आठवडे, कधी महिने. पुढच्या भेटीत आईंच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा, आणि त्या रोज किती वाजता, किती मिलिग्रॅम घेतात ते कागदावर लिहून न्या.