मगातला चॉकलेट केक: सेकंदांचा आणि चमच्यांचा हिशोब

या वेळच्या टपालात एकच विषय परत परत आला: मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिटात होणारा चॉकलेट केक. कोणाचा रबर झाला, कोणाचा उतू गेला, कोणाचा तळाशी कच्चा राहिला. म्हणून आधी माप देतो, म्हणजे पुढची उत्तरं त्याच्याशी ताडून पाहता येतील.

एका मगासाठी मैदा ३० ग्रॅम (सपाट ४ मोठे चमचे), कोको पावडर १० ग्रॅम (२ मोठे चमचे), पिठीसाखर २५ ग्रॅम (३ मोठे चमचे), बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, दूध ७५ मिली (५ मोठे चमचे), तेल दीड मोठा चमचा, व्हॅनिलाचे दोन-तीन थेंब. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. मग ३०० ते ३५० मिलीचा. कोरडं सगळं एकत्र चाळायचं, दूध-तेल घालून काट्याने मोठ्या गुठळ्या मोडेपर्यंतच हलवायचं, आणि झाकण न ठेवता ८०० वॉटला ७० ते ८० सेकंद. बाहेर काढल्यावर २ मिनिटं हात लावायचा नाही.

प्रश्न: ताई, व्हिडिओत सांगितलं तसं बरोबर ९० सेकंद ठेवते, तरी दर वेळी केक चिवट होऊन राहिला. ओव्हन तर नवा आहे. काय चुकतं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: ते ९० सेकंद कोणत्या ओव्हनचे, हा खरा प्रश्न आहे. व्हिडिओतला ओव्हन ७०० वॉटचा आणि तुमचा ९०० चा असेल, तर तुमचा केक २०-२५ सेकंद जास्त शिजतो. अर्धा किलो भाजीला तेवढ्याने काही होत नाही. मगात मात्र दूध-तेलासकट सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम ऐवज असतो. त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जायला वेळ लागत नाही, आणि पाणी गेलं की राहतं ते रबर.

ओव्हनच्या पाठीवर किंवा दाराच्या चौकटीवर पट्टी असते. तिच्यावर दोन आकडे सापडतील. मोठा, हजार-बाराशेच्या घरातला, तो विजेच्या वापराचा. तो सोडून द्या. आपल्याला हवा तो मायक्रोवेव्ह आउटपुटचा, घरगुती ओव्हनमध्ये साधारण ७०० ते ९००. ९०० वॉटला ६० ते ७० सेकंद, ८०० ला ७० ते ८०, ७०० ला ८५ ते ९५ आणि ६०० ला १०० ते ११५, एवढं कागदावर लिहून ओव्हनला चिकटवून ठेवा.

पट्टी पुसली गेली असेल तर पाण्यावरून अंदाज घेता येतो. पाण्यात बर्फ घालून ५ मिनिटं ठेवा, बर्फ काढून टाका आणि त्यातलं २५० मिली पाणी काचेच्या भांड्यात घ्या. त्यात लाकडी चमचा उभा ठेवून पूर्ण शक्तीवर उकळी येईपर्यंत वेळ मोजा. अडीच मिनिटांत उकळलं तर ओव्हन ८०० च्या आसपासचा, ३ मिनिटांत तर ७०० चा, ४ लागली तर ६०० किंवा त्याहून कमी. बर्फाचं पाणी अशासाठी की आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढतच येतं आणि डिसेंबरात बोटं गारठतात. सुरुवात सारखी नसेल तर मोजणीला अर्थ नाही. लाकडी चमचा विसरू नका. गुळगुळीत भांड्यात पाणी उकळी न दाखवता उकळबिंदूच्या वर तापू शकतं आणि हात लावताच उसळून अंगावर येतं.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर, एसी सुरू झाले आणि व्होल्टेज पडलं, की साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनची ताकद लगेच उतरते. सकाळी ७५ सेकंदांत झालेला केक रात्री ८ वाजता तेवढ्याच वेळात कच्चा राहिला तर तुमचं माप चुकलेलं नाही. १०-१० सेकंद वाढवत जा.

आता चिवटपणाचं दुसरं कारण: फेटणं. मैद्याला दूध लागलं की हलवण्याने ग्लूटेनचे, म्हणजे पिठातल्या प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात. पोळीच्या कणकेला ते हवेत, केकला नकोत. कोरडं पीठ दिसेनासं झालं की काटा बाजूला ठेवा. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

केक झाला हे घड्याळापेक्षा वरून ओळखा. कडा मगापासून किंचित सुटलेल्या दिसतील आणि मधोमध एक रुपयाच्या नाण्याएवढा ओलसर, चकचकीत ठिपका असेल. त्याच क्षणी थांबा. बाहेरच्या दोन मिनिटांत आतल्या उष्णतेने तो ठिपका आपोआप भरून येतो. ओव्हनमध्येच तो कोरडा होईपर्यंत थांबलात तर खाताना घास घशात अडकेल.

प्रश्न: हिंगणा रोडला रूम करून राहतो. मापाचे चमचे नाहीत, वजनकाटा नाही. मेसचा एक चमचा अन् एक स्टीलचा मग आहे. जमेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर: स्टीलचा मग सोडून बाकी सगळं जमेल. मायक्रोवेव्ह धातूतून आरपार जात नाहीत. त्यामुळे आतलं नीट शिजणार नाही, ठिणग्या उडून ओव्हन बिघडायची भीती वेगळी. मेलामाइनचा मग, सोनेरी काठाची कपबशी, चहाचा मातीचा कुल्हड हेही नको. साधा चिनी मातीचा किंवा काचेचा जाड मग घ्या. तो चालतो की नाही हे असं पाहा: रिकामा मग आणि शेजारी कपभर पाणी ठेवून १ मिनिट ओव्हन चालवा. पाणी तापलं आणि मग गारच राहिला तर तो आपल्या कामाचा. मगच चटका देत असेल तर तो चहापुरता ठेवा.

चमच्याचं म्हणाल तर पोहे खायचा चमचा कोणाच्या घरचा ७ मिलीचा, कोणाच्या घरचा १० चा. 'मोठा चमचा' म्हणून तो वापरला की माप चुकतं आणि केक बिघडतो. औषधाच्या बाटलीवरच्या टोपणावर ५, १०, १५ च्या रेघा असतात. ते स्वच्छ धुऊन, तुमच्या चमच्याने पाणी घालत १५ च्या रेघेपर्यंत किती चमचे लागतात ते मोजा. दोन लागले तर आमचा एक मोठा चमचा म्हणजे तुमचे दोन. एकदा ठरलं की कायमचं ठरलं.

प्रश्न: केक फुगून मगाबाहेर येतो, ओव्हनची काच माखते. मग बसतो तो इतका की मध्ये खड्डा.
— एक वाचक, इतवारी

उत्तर: दोन्ही एकाच चुकीतून: बेकिंग पावडर जास्त. पाव छोटा चमचा म्हणजे सव्वा मिली. अंदाजाने घातलं की हमखास दुप्पट पडतं. गॅस इतक्या झटपट सुटतो की पीठ घट्ट होऊन त्याला धरून ठेवण्याआधीच वर चढतं आणि मग कोसळतं. पीठ मगाच्या अर्ध्याखालीच हवं. २०० मिलीच्या कॉफीच्या कपात हे माप मावणार नाही, दोन कपांत विभागा. ओव्हन ९०० चा असेल तर ८० टक्के शक्तीवर १०-१५ सेकंद जास्त ठेवून पाहा, उतू जाणं बरंच थांबतं. जरासा खळगा मात्र पडणारच. आतली वाफ थंड होते, तेवढा केक खाली बसतो.

प्रश्न: अंडं घातलं तर जास्त हलका होईल ना?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर: एवढ्या पिठाला अख्खं अंडं फार होतं. पांढरा भाग आवळून येतो आणि केकला ऑम्लेटची चव लागते. घालायचंच तर फक्त बलक घाला आणि दूध एक मोठा चमचा कमी करा.

प्रश्न: सासूबाईंना मैदा चालत नाही. कणकेचा होईल का? ज्वारीचा?
— एक वाचक, महाल

उत्तर: कणकेचा छान होतो. कोकोच्या चवीला कणीक मैद्यापेक्षाही शोभते असं आमचं मत आहे. बारीक चाळणीने चाळून घ्या, दूध एक मोठा चमचा वाढवा आणि भिजवल्यावर ५ मिनिटं थांबा, कारण कोंडा पाणी सावकाश पितो. थांबला नाहीत तर केक तोंडात रवाळ लागेल. बेकिंग पावडर त्या ५ मिनिटांनंतर, अगदी शेवटी मिसळा.

ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून नुसत्या ज्वारीचा केक चमच्याने उचलताना भुगा होतो. अर्धी ज्वारी, अर्धी कणीक घ्या. ग्लूटेनच वर्ज्य असेल तर नुसत्या ज्वारीत दोन मोठे चमचे कुस्करलेलं पिकलं केळं घालून तेवढंच दूध कमी करा. केळ्याने ते बांधलं जातं.

तेलाबद्दल याच पत्रात विचारलं आहे: घाण्यावरचं फल्लीचं (शेंगदाण्याचं) किंवा जवसाचं तेल नको. भाजीत जो वास हवासा वाटतो तो चॉकलेटवर बसतो. रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफूल घ्या. तूप-लोण्याने चव येते, पण केक गार होताच घट्ट होतो.

प्रश्न: आमचा ओव्हन कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेनेही भाजणारा आहे. कन्व्हेक्शनवर ठेवला तर वरून भाजल्यासारखा रंग येईल?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर: येईल, पण तो मग केक राहणार नाही. १८० अंशांवर आधी ओव्हन तापवायचा आणि मग २० मिनिटांच्या आसपास भाजायचा, शिवाय मग भट्टीत चालणारा हवा. मायक्रोवेव्हवर रंग येत नाही कारण आत गरम हवा नसते. पिठातलं पाणीच तापतं, आणि पृष्ठभाग उकळबिंदूच्या फार वर जात नाही. कोको मुळात गडद असल्याने चॉकलेट केकला ही उणीव जाणवत नाही. मग फिरत्या ताटलीच्या मधोमध न ठेवता काठाकडे ठेवा. मधोमध तो जागच्या जागी फिरतो, काठाला ठेवला की कमी-जास्त ताकदीच्या सगळ्या जागांतून जातो.

प्रश्न: चॉकलेट केकला आपल्या संत्र्याची चव द्यायची आहे. रस घातला तर केक कडू झाला.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: संत्र्याचा वास रसात थोडा, सालीत खूप. साल बारीक किसणीवर हलक्या हाताने, एका जागी एकदाच घासा. केशरी थर तेवढा घ्या, पांढरा लागला की कडवटपणा आलाच. आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसताना आत दबते. म्हणून फळ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करा, नाही तर साल सोलून पाटावर पसरून किसा. मगाला अर्धा छोटा चमचा कीस पुरे. तो साखरेत बोटांनी चोळून घ्या. साखर ओलसर, पिवळसर होते आणि वास पूर्ण सुटतो.

रस घालायचा असेल तर दूध पूर्ण काढा, नाही तर फाटेल: ३ मोठे चमचे रस, २ मोठे चमचे पाणी आणि बेकिंग पावडरसोबत चिमूटभर खाण्याचा सोडा. सोडा त्याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते. तुमचा केक कडू झाला तो बहुतेक रस आधी काढून ठेवल्याने, किंवा मिक्सरमध्ये बिया चिरडल्या गेल्याने. संत्र्याचा रस ठेवला की कडवट होत जातो. हाताने पिळा, गाळा, लगेच वापरा. आंबिया बहाराची (हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची) फळं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात, तेव्हा कीस काढून साखरेत मिसळून डीप फ्रीजमध्ये ठेवला तर उन्हाळ्यातही हाताशी असतो.

प्रश्न: केकच्या मध्ये वितळलेलं चॉकलेट हवं. पण कपाटातल्या चॉकलेटवर पांढरा थर आला आहे. बुरशी आहे का?
— एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर: बुरशी लोकरीसारखी उठून दिसते. सपाट, भुरकट थर असेल तर ती चॉकलेटमधली चरबी आहे. उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठताना वर येते. खायला हरकत नाही, केकमध्ये तर कळणारही नाही. दोन चौकोन फ्रीजमध्ये कडक गार करून पिठाच्या मधोमध दाबा, वरून पिठाने झाका, वेळ तोच ठेवा. तळापर्यंत ढकलू नका, चिकटून जळतात.

आणि ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी चालत नाही. त्यात साखरच जास्त असते.

प्रश्न: मुलं शाळेतून आली की लगेच करता यावा म्हणून मिश्रण भरून ठेवता येईल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: ८ मगांचं असं करा: मैदा २४० ग्रॅम, कोको ८० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. तीन वेळा चाळून कोरड्या बरणीत भरा. एका मगाला ६५ ग्रॅम मिश्रण, ५ मोठे चमचे दूध आणि दीड मोठा चमचा तेल. दीड-दोन महिने टिकतं. पावसाळ्यात महिन्याभरात संपवा, ओल लागली की बेकिंग पावडरचा जोर जातो. शंका आली तर छोटा चमचाभर मिश्रण गरम पाण्यात टाका, बुडबुडे आले नाहीत तर त्यात नवी बेकिंग पावडर मिसळा.

दोन मुलांसाठी दोन मग एकदम ठेवू नका, एकामागून एक करा. मुलं एकटी करणार असतील तर वेळेचं बटण आधीच दाखवून ठेवा. ७५ सेकंदांऐवजी चुकून ७ मिनिटं दाबली गेली तर साखर जळून आत धूर होतो. अशा वेळी दार उघडायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि धूर विरेपर्यंत दार तसंच मिटून ठेवायचं, हे त्यांना करून दाखवा.

प्रश्न: संध्याकाळी केलेला केक रात्री दगड होतो.
— एक वाचक, सदर

उत्तर: होणारच, तो पंधरा मिनिटांत खायचा पदार्थ आहे. उरलाच तर वर एक छोटा चमचा दूध शिंपडून १० सेकंद तापवा.