कौतुक करा, तारीख नको

ताई, माझे मिस्टर फौजेत आहेत, सध्या पोस्टिंग सीमेवर आहे. मी, सासूबाई, धाकटे दीर आणि पहिलीतली मुलगी असे आम्ही जेलरोडला राहतो. भाऊजी भावाचे वर्दीतले रील इन्स्टाग्रामवर टाकतात. मागच्या आठवड्यात एका मुलीने त्यांना मेसेज केला, ‘भैया की पोस्टिंग कहाँ है? मेरा भाई भी उधर ही है.’ भाऊजी रात्री उशिरापर्यंत तिच्याशी बोलत होते. सासूबाई सगळं स्टेटसला ठेवतात. गेल्या सुट्टीच्या वेळी तर त्यांनी ह्यांच्या रेल्वे तिकिटाचाच फोटो ठेवला होता. पुढच्या महिन्यात हे येणार आहेत, म्हणून मंडळाची पोरं चौकात फ्लेक्स लावतोय म्हणतात, तारखेसकट. परवा मलाच जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसच्या नावाने फोन आला, ‘रेकॉर्ड ऑफिस से बोल रहा हूँ.’ माझं आणि मुलीचं नाव बरोबर सांगितलं आणि बँकेचे डिटेल्स मागितले. मी फोन कापला. घरात काही बोलले की, ‘तुला त्याचं कौतुक बघवत नाही’, असं ऐकावं लागतं. मी खरंच संशयी झालेय का?
– एका फौजीची बायको, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू संशयी झालेली नाहीस. घरात जे कुणाच्या लक्षात आलं नाही ते तुझ्या आलं, आणि बोलून दाखवलंस म्हणून वाईट ठरलीस. याचं मला फार वाईट वाटतं.

आधी त्या मुलीचं बघू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. भाऊजींना सांग, चॅट डिलीट करू नका. तिचं प्रोफाइल आणि सगळे मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि उत्तर देणं आजपासून बंद. मग मिस्टरांचा फोन येईल तेव्हा त्यांना हे बोलून सांगा. युनिटमध्ये कुणाला कळवायचं ते त्यांना माहीत असतं. मुलगी खरी असेलही, पण ते ठरवणं आपलं काम नाही. असल्या ओळखी सुरुवातीला अगदी साध्या प्रश्नाने होतात. पोस्टिंग कुठे, मग एखादा फोटो, मग एखादी लिंक. आपल्या नाशिकला हे नवीन नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) अटक केली होती, विमानांची गुप्त माहिती परदेशी हस्तकांना पुरवल्याच्या आरोपावरून. देवळाली कॅम्प, आर्टिलरी म्हणजे तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरचं विमानतळ, ओझर हे सगळं आपल्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. रोज दिसतं म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण माहिती गोळा करणाऱ्याला वाटतं.

भाऊजींशी बोलताना ‘तुम्ही चुकलात’ इथून सुरुवात करू नकोस. त्यांच्यासोबत बसून एक रील आवाज बंद करून सावकाश बघ. छातीवर नावाची पट्टी. दंडावर फॉर्मेशनची, म्हणजे तो लष्कराच्या कुठल्या तुकडीत आहे त्याची खूण. मागे मैलाचा दगड, त्यावर गावाचं नाव. बाजूला उभ्या गाडीचा नंबर. भाऊ बोलला एक शब्द नाही, पण बघणाऱ्याला तो कोण, कुठल्या दलातला आणि कुठे उभा आहे हे कळलं. जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती. नियम पुढे बदलतात, आज नेमकं काय चालतं ते मिस्टरच सांगतील. भाऊजी फौजेत नाहीत, त्यांना तो हुकूम लागू नाही. पण रीलमधला चेहरा त्यांच्या भावाचा आहे, आणि उद्या विचारणा झाली तर उभं त्यालाच राहावं लागेल. एवढं त्यांना नक्की पटेल, कारण भावावर जीव आहे म्हणून तर ते रील करतात.

ओळखपत्र किंवा कँटीन कार्ड कुठल्याही फोटोत दिसत असेल तर तो फोटो आजच काढून टाका. ‘मी फौजी, बदली झाली, गाडी स्वस्तात विकायची आहे’ म्हणून ऑनलाइन गंडा घालणारे अशीच खऱ्या जवानांची कार्डं पुढे करतात. तुझ्या नवऱ्याच्या फोटोवर विश्वास ठेवून नागपूरच्या कुणीतरी पैसे गमवावे, हे कुणालाच सहन होणार नाही. आणि मिस्टर धावण्यासाठी घड्याळ किंवा फिटनेसचं अ‍ॅप वापरत असतील तर त्याचं शेअरिंग बंद आहे ना, तेवढं विचार. 2018 मध्ये स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर जगभरातले लष्करी तळ उजळून दिसले होते, ते सैनिकांच्या अशाच रोजच्या धावण्यामुळे.

आता सासूबाई. इथे मात्र हळू घे. मुलगा महिनोन्‌महिने दिसत नाही, फोन कधी लागतो कधी लागत नाही. चार जणांनी स्टेटस बघून ‘छान दिसतोय पोरगा’ म्हटलं की त्यांचा दिवस जातो. तो आनंद काढून घेऊ नकोस. त्यांच्याजवळ बसून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसची सेटिंग बदल. निवडक लोकांनाच दिसेल असा पर्याय तिथे आहे. मावशी, आत्या, माहेरची माणसं त्यांनाच निवडू दे. दूधवाला, जुना प्लंबर, कधीतरी नंबर दिलेला एजंट आपोआप बाहेर राहतील. फोटो तिथे खुशाल ठेवू देत, फक्त तारीख आणि ठिकाण नको.

आणि तिकीट तर मुळीच नको. त्यावर नाव असतं, वय असतं, दहा आकडी पीएनआर असतो. तो नंबर टाकला की गाडी, तारीख, डबा सगळं कुणालाही दिसतं. येतानाच्या तिकिटावरून तो नाशिकरोडला कधी उतरणार ते कळतं. परतीच्या तिकिटावरून कळतं की कोणत्या दिवसापासून घरात तो नाही. सासूबाईंना हे दुसरं सांग, त्यांना लगेच उमजेल. आणखी एक सांग. 26 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांत, सरकारने सगळ्या वाहिन्यांना लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. जे टीव्हीवाल्यांनी दाखवायचं नाही, ते आपण का दाखवायचं?

फोन कापलास ते फार चांगलं केलंस. नावं बरोबर सांगितली म्हणून माणूस खरा ठरत नाही. मुलीच्या वाढदिवसाच्या पोस्टमधूनसुद्धा नाव मिळतं. युनिटचा आणि रेकॉर्ड ऑफिसचा खरा नंबर मिस्टरांकडून घे आणि कपाटाच्या दाराला आतून कागदावर लिहून चिकटव. असा फोन आला की ठेवायचा आणि त्या कागदावरच्या नंबरला आपण लावायचा. ‘साहब को गोली लगी है, जल्दी पैसे भेजो’ असाही फोन येऊ शकतो. त्या क्षणी डोकं चालत नाही, म्हणून तो कागद. नंबर मिळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचार. चुकून पैसे गेलेच तर तासभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. लाज वाटून थांबण्यात पैसे हातचे जातात.

एका बाबतीत तुझी काळजी उलट्या दिशेला जाऊ नये असं वाटतं. कुणालाच काही सांगायचं नाही, असं करू नकोस. शेजारची दोन घरं निवड, ज्यांच्यावर तुझा खरा विश्वास आहे, आणि त्यांना सगळं माहीत असू दे. रात्री अपरात्री दार वाजवता आलं पाहिजे. अनोळखी माणसाने ‘साहेब आहेत का?’ विचारलं तर दार न उघडता ‘आत आहेत, काय काम आहे?’ एवढंच. मुलीला घाबरवू नकोस. बाबा कुठे असतात असं कुणी विचारलं तर ‘ड्युटीवर’ म्हणायचं, इतकं पहिलीतल्या पोरीला पुरे. शाळेतून तिला कोण न्यायला येणार, त्यांची नावं मात्र लेखी देऊन ठेव.

घरात हे सगळं तू एकटीने बोलू नकोस. तू बोललीस की ते सुनेचं बोलणं होतं. मिस्टरांना सांग की पुढच्या फोनवर त्यांनी स्वतः आईला आणि भावाला सांगावं, तुझं नाव न घेता: ‘आम्हाला इथे सांगितलंय, घरच्यांनाही सांगा म्हणून.’ हे खोटं नाही. फौजेत अशा सूचना वरचेवर मिळतच असतात.

फ्लेक्सचं काम मग सासूबाईंकडेच दे. मंडळाची पोरं त्यांचंच ऐकतील. मुलगा घरी पोहोचल्यावर लावा, नाव आणि फोटो खुशाल टाका. युनिट, पोस्टिंग आणि जाण्याची तारीख टाकू नका. आणि तो परत निघायच्या आधी फ्लेक्स उतरवून ठेवा.

– तुझी ताई